गंजाचे वय आणि गारेचा पहारा : पेण–रोह्याच्या मातीचा इतिहास

१/
पेण आणि रोहा या तालुक्यांच्या मुलखात मातीला एक रंग नाही. डोंगरउतारावर ती तांबूस तपकिरी असते. भाताच्या खाचरात करडी असते आणि तिच्यात नारिंगी शिरा उमटलेल्या दिसतात. ईशान्येला माथेरानच्या माथ्यावर तर ती विटेसारखी लाल होते. या तिन्ही मातींचा मूळ खडक मात्र एकच. फरक पडला तो लोहाच्या रूपामुळे. आणि ते रूप ठरवण्यात पाण्यात विरघळलेल्या सिलिकेचा, म्हणजे गारगोटी ज्या द्रव्याची बनते त्याच द्रव्याचा, मोठा वाटा आहे. या अदृश्य द्रव्याचा धागा एकोणिसाव्या शतकातील एका जंगलवादापर्यंतही जाऊन पोहोचतो.

२/
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्री, अवचितगड, सांकशीचा किल्ला हे सारे त्याच काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे. या खडकात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते आणि सुमारे आठवा हिस्सा लोहाची ऑक्साइडे. सिलिका व लोह खडकात एकत्र बांधलेली असतात. कोकणचा पाऊस ही गाठ सोडवतो. वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत, असा या मुलखाचा हिशेब आहे.

३/
पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होते. ते खडकात मुरले की दोन भावांची वाटणी व्हावी तसे घडते. लोहाला प्राणवायू भेटतो, ते गंजते आणि जागच्या जागी राहते. सिलिका मात्र सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्यात विरघळते आणि वाटेला लागते. तिला रंग नाही, वास नाही. जगातील नद्यांच्या पाण्यात ती सरासरी लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम असते. बेसाल्टच्या प्रदेशांतील पाण्यात ती अनेकदा त्याहून अधिक आढळते. भोगावती, अंबा आणि कुंडलिका या नद्या अखंडपणे हेच द्रव्य खाडीकडे वाहून नेतात.

४/
मागे राहिलेल्या गंजालाही वय असते. ताज्या गंजाचे एक प्रमुख रूप म्हणजे फेरिहायड्राइट. त्याचे कण काही नॅनोमीटर एवढेच असतात आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग काहीशे चौरस मीटर भरू शकतो. काळ लोटला की हेच कण नव्याने रचले जाऊन मोठे, घट्ट स्फटिक होतात. त्यांतून पिवळट तपकिरी गोथाइट तरी होते, नाहीतर लाल हेमटाइट. पिवळ्या मातीचा रंग गोथाइटचा, गेरूचा रंग हेमटाइटचा. प्रौढ झालेल्या गंजाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी आक्रसतो.

५/
पृष्ठभाग आक्रसणे ही केवळ प्रयोगशाळेतील बाब नाही. तरुण गंज आपल्या अफाट पृष्ठभागावर फॉस्फेट, आर्सेनिक, शिसे, जस्त अशी द्रव्ये धरून ठेवतो. तो प्रौढ झाला की बसण्याच्या जागा कमी होतात आणि काही पाहुण्यांना उठावे लागते. म्हणून गंज किती आहे या प्रश्नाइतकाच गंज किती वयाचा आहे हा प्रश्न शेतीला आणि पिण्याच्या पाण्याला महत्त्वाचा ठरतो. सिलिका नेमका या वयावरच पहारा ठेवते.

६/
हा पहारा कसा चालतो? तरुण गंजाला प्रौढ होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट : कण थोडा विरघळायचा आणि त्याच लोहातून बाहेर गोथाइटचा नवा स्फटिक उभा राहायचा. दुसरी वाट : कण एकमेकांना चिकटायचे, आतले पाणी सोडायचे आणि जागच्या जागी हेमटाइट व्हायचे. विरघळलेली सिलिका कणांच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते. त्यामुळे कण सहज विरघळत नाही आणि पहिली वाट बरीचशी बंद होते. दुसरी वाटही मंदावते. एकंदर बदल लांबतो आणि जे काही घडते त्याचा कल हेमटाइटकडे झुकतो.

७/
हे रसायन कळण्याच्या कितीतरी आधी कोकणातील पाथरवटांना त्याचा परिणाम ठाऊक होता. जांभा दगड खाणीत ओलसर असताना मऊ असतो. त्याचे चिरे सहज तासता येतात. उघड्या हवेत ठेवले की ते टणक होतात आणि पिढ्यान् पिढ्या टिकतात. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून हिंडला. मलबारातील अंगाडिपुरम येथे त्याने हाच प्रकार पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूशास्त्रात रूढ झालेले हे नाव भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर जन्मले.

८/
जांभा म्हणजे पहारेकरी निघून गेलेला खडक. लक्षावधी वर्षे पाऊस झिरपत राहिला, निचरा चांगला होता, आणि बेसाल्टमधील सिलिकेचा फार मोठा भाग धुपून गेला. मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे साचली. लोहाला प्रौढ होण्यापासून रोखणारे द्रव्य विरळ झाले आणि गोथाइट व हेमटाइट यांचे स्फटिक एकमेकांत गुंतत गेले. चिरा उघड्यावर का कडक होतो, याचा अभ्यास अमेरिकी कृषिखात्याच्या एल. टी. अलेक्झांडर आणि जे. जी. कॅडी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी निघून जाणे आणि लोहखनिजांचे स्फटिक जुळत जाणे या दोन क्रिया त्यांनी या कडकपणाच्या मुळाशी दाखवल्या.

९/
पेणच्या ईशान्येला माथेरानचा माथा आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्स मॅलेट तेथे पोहोचले आणि पुढे ते थंड हवेचे ठिकाण झाले. तेथील वाटांवरची लाल धूळ प्रवाशांच्या कपड्यांवर आजही बसते. ती धूळ म्हणजे सिलिका गमावलेल्या बेसाल्टचा जुना अवशेष. माथेरान आणि महाबळेश्वर येथील जांभ्याचे उंच थर आणि कोकणपट्टीतील सखल जांभा यांची तुलना करून माइक विडोसन आणि कीथ कॉक्स यांनी १९९६ मध्ये सह्याद्रीच्या उत्थानाचा व झिजेचा इतिहास मांडला. म्हणजे गंजाचा थर हाही इतिहासाचा दस्तऐवज ठरला.

१०/
डोंगरावरून निघालेल्या सिलिकेचे पुढे काय होते? सारीच समुद्रात जात नाही. सखल भागात, जेथे निचरा मंद असतो तेथे, ती थांबते आणि ॲल्युमिनियमशी जुळून चिकण खनिजे घडवते. माथ्यावरची लाल माती आणि तळातली काळसर चिकण माती या एकाच देवघेवीच्या दोन बाजू आहेत. डोंगराने गमावले ते दरीने कमावले. पेण–रोह्याची भाताची खाचरे या कमावणाऱ्या बाजूला बसतात. म्हणून या कथेचे पुढचे प्रकरण चिऱ्याच्या खाणीत नव्हे, तर चिखलात घडते.

११/
खाचरात गंजाचे वय दरवर्षी मोडले जाते आणि नव्याने सुरू होते. आषाढात चिखलणी होते, बांधात पाणी कोंडले जाते आणि मातीतील प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग सूक्ष्मजीव श्वासासाठी लोहाचा आधार घेतात. त्यातून न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात येते आणि माती करडी होते. भाताचे मूळ मात्र पोकळ ऊतींतून हवा खाली नेते. त्या हवेशी गाठ पडताच लोह पुन्हा गंजते आणि मुळावर नारिंगी लेप चढतो. आश्विन-कार्तिकात पाणी काढले की हाच गंज मातीतील भेगांतून शिरांसारखा पसरतो.

१२/
हा नवा गंज कोणत्या रूपात जन्मेल? १९७३ मध्ये सोव्हिएत खनिजतज्ज्ञ एफ. व्ही. चुखरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरिहायड्राइटला स्वतंत्र खनिज म्हणून नाव दिले. नैसर्गिक फेरिहायड्राइटमध्ये सिलिका जवळजवळ नेहमीच सापडते, हे पुढे ध्यानात आले. १९७६ मध्ये जर्मनीतील मृदाशास्त्रज्ञ उडो श्वेर्टमान आणि एच. थालमान यांनी विरघळलेले लोह प्रयोगशाळेत हळूहळू गंजू दिले. पाण्यात सिलिका नसेल तर लेपिडोक्रोसाइट हे चांगल्या स्फटिकाचे नारिंगी खनिज तयार होते. पुरेशी सिलिका असेल तर फेरिहायड्राइटच उरते, असे त्यांना आढळले.

१३/
१९८७ मध्ये रोशेल कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी अल्कधर्मी द्रावणात फेरिहायड्राइटचे गोथाइट व हेमटाइट कसे होते ते तपासले. सिलिकेमुळे हा बदल मंदावतो आणि गोथाइटची वाट विशेष अडते, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ए. एम. जोन्स आणि सहकाऱ्यांनी भातखाचराशी अधिक जवळचा प्रश्न घेतला. विरघळलेले लोह भोवती असेल तर तरुण गंज फार वेगाने प्रौढ होतो. सिलिकेच्या आणि सेंद्रिय द्रव्याच्या उपस्थितीत हा वेगही कमी पडतो, असे त्यांचे निष्कर्ष सांगतात. कुजणारे धसकट आणि सिलिका या दोन्ही गोष्टी खाचरात एकत्र नांदतात.

१४/
भात हे स्वतः सिलिकेचे भुकेले पीक आहे. त्याचे मूळ सिलिसिक आम्ल शोषते, आणि पान, काड व तूस यांत ते कडक कणांच्या रूपात साठवते. भाताचे पाते हाताला कापते ते त्यामुळेच. तुसाच्या राखेत सुमारे दहातले नऊ हिस्से सिलिका असते. म्हणजे प्रत्येक हंगामात धान्य आणि पेंढा यांच्याबरोबर खाचरातील सिलिकाही बाहेर जाते. ओढ्याचे पाणी आणि खडकाची झीज तिची भरपाई करतात. परंतु कोकणातील शेतकऱ्याजवळ भरपाईचा आणखी एक मार्ग होता. त्याचे नाव राब.

१५/
राब म्हणजे रोपासाठी जमीन भाजणे. ऐनासारख्या झाडांचे टहाळ, वाळलेले गवत, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रोपाच्या तुकड्यावर अंथरायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि पावसाआधी ते पेटवायचे. पहिल्या सरींनंतर त्या राखेत भात पेरायचा आणि पुढे रोपे खाचरात लावायची. टहाळ व गवत मिळावे म्हणून भातजमिनीला वरकस जमिनीची जोड असे. पेण आणि रोहा हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे तालुके होते. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. भातशेती, वरकस आणि जंगल ही तेथे एकाच संसाराची तीन माणसे होती.

१६/
१८७८ च्या जंगल कायद्याने हा संसार विस्कटला. राखीव जंगलात टहाळ तोडण्यावर बंधने आली. सरकारच्या नजरेत झाड म्हणजे इमारती लाकूड आणि महसूल होते. शेतकऱ्याच्या नजरेत तेच झाड पुढच्या वर्षीचे रोप होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी जंगल आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा विस्तृत अहवाल आला. राब हा त्या चौकशीतील कळीचा मुद्दा होता. राबाशिवाय भात होते की नाही, हा प्रश्न प्रथमच सरकारी कागदावर इतक्या तपशिलाने उमटला.

१७/
वादाचे उत्तर मग रसायनशास्त्राकडे मागितले गेले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राबपद्धतीवर १९१२ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. राबाचा लाभ केवळ राखेतील खतद्रव्यांनी पुरता उलगडत नाही. माती भाजली जाण्यालाही स्वतःचे महत्त्व आहे, हे त्या कामातून पुढे आले. ज्या रिवाजाला अडाणी उधळपट्टी म्हटले जात होते, तो अभ्यासाचा विषय ठरला. जंगलाच्या प्रश्नावरील असंतोष मात्र शमला नाही. पेणच्या उत्तरेस चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसे मेली.

१८/
राबाचे समर्थन एकट्या सिलिकेवर उभे करता येत नाही. राखेत पोटॅश असते, भाजणीने तण व कीड मरते, मातीतील द्रव्ये सुटी होतात. तरीही मान यांच्या पिढीनंतर झालेल्या संशोधनाने त्या वहीत एक नवे पान जोडले आहे. गवत हे सिलिका साठवणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील आहे आणि राखेतून सुटणारी सिलिका खडकातील गारेपेक्षा लवकर विरघळते. वरकसाचे गवत रोपाच्या वाफ्यात जाळले जात असे, तेव्हा डोंगराची सिलिका माणसाच्या हाताने सखल जमिनीत उतरत असे. आयोगाच्या कागदांत टहाळाची मोजदाद झाली. या देवघेवीची होणे त्या काळी शक्यच नव्हते.

१९/
लोह आणि सिलिका ही दोन्ही खाचरातून निघून गेली तर काय होते, याचा धडा जपानने घेतला. तेथील काही जुन्या, फार निचऱ्याच्या खाचरांत भात सुरुवातीला जोमाने वाढे आणि शरद ऋतूत अचानक ढासळे. या रोगाला ‘अकिओची’ म्हणजे शरदातील घसरण असे नाव होते. मातीतील लोह धुपून गेल्याने विषारी हायड्रोजन सल्फाइडला बांधून ठेवणारे काही उरत नसे आणि पिकाला सिलिकाही अपुरी पडे. लोहयुक्त माती आणि पोलाद भट्ट्यांची मळी घालून या जमिनी सावरल्या गेल्या. १९५५ मध्ये जपानने कॅल्शियम सिलिकेटला अधिकृत खत म्हणून मान्यता दिली.

२०/
सिलिकेचा पहारा नेहमीच हिताचा असतो असे मात्र नाही. पश्चिम बंगाल व बांगलादेशातील नलिकाकूपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडल्यावर लोहाच्या ताज्या गंजावर ते धरून ठेवण्याचे उपाय पुढे आले. तेथे सिलिकेचे दुसरे रूप दिसले. ती गंजाला तरुण ठेवते, म्हणजे जागा टिकवते. पण त्याच जागांवर स्वतः बसून आर्सेनिकला बाहेरही ठेवते. पहारेकऱ्यानेच ओसरी अडवावी तसा हा प्रकार. त्यामुळे जेथे पाण्यात सिलिका अधिक असते तेथे लोहाच्या गाळणीचा हिशेब वेगळा करावा लागतो.

२१/
पेणच्या खाडीकाठी या पहाऱ्याची मर्यादाही दिसते. खारभूमीचे बांध समुद्राच्या भरतीला शेतापासून दूर ठेवतात. मुंबई राज्याने १९४८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खारभूमी कायदा केला. बांध फुटून खारे पाणी आत आले की त्याबरोबर सल्फेट येते. हवा नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीव त्यापासून सल्फाइड करतात, आणि सल्फाइड लोहाच्या गंजाला गिळून काळा चिखल बनवते. तेथे गंजाचे वय लांबवण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण गंजच उरत नाही. बांधाची डागडुजी ही म्हणूनच पिकाइतकीच मातीच्या रसायनाचीही राखण असते.

२२/
रोह्याजवळ धाटाव येथे कुंडलिकेकाठी रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा कोणत्याही नदीत सोडल्या जाणाऱ्या जड धातूंचा बराच अंश पाण्यात तरंगत न राहता गाळातील लोहाच्या गंजावर बसतो. वरचे पाणी स्वच्छ दिसले तरी गाळ आठवण ठेवतो. तो गंज तरुण राहिला तर धातू पृष्ठभागावर राहतात. प्रौढ झाला तर काही स्फटिकात अडकतात, काही पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून नदीची तपासणी पाण्यावर थांबवून भागत नाही. गाळातील लोह कोणत्या रूपात आहे हेही पाहावे लागते.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकालाही येथे एक इशारा आहे. लाल रंग म्हणजे पुरातन काळ, असे समीकरण मांडता येत नाही. पिवळी माती भट्टीत तापवली तर काही तासांत गोथाइटचे हेमटाइट होते. वीटभट्टीत करडी वीट लाल होऊन निघते ती याच बदलामुळे. उलट सिलिकेने वेढलेला तरुण गंज दीर्घ काळ तपकिरीच राहू शकतो आणि त्याला हेमटाइट करण्यासाठी अधिक उष्णता लागते. गुंफेतील गेरू असो, उत्खननातील भाजलेली जमीन असो की दोन लाव्हाथरांमधला लाल पट्टा असो, रंगाबरोबर पाणी, अग्नी आणि सिलिका यांचीही साक्ष काढावी लागते.

२४/
माथेरानच्या जांभ्याने सिलिका गमावली आणि तेथील लोह दगड झाले. पेण–रोह्याच्या खाचरात पाणी, पेंढा आणि राख यांच्या वाटेने सिलिका येत राहिली आणि तेथील लोह दरवर्षी नव्याने जन्मत राहिले. १८८५ च्या आयोगापुढे तक्रार मांडणाऱ्या शेतकऱ्याला फेरिहायड्राइट हा शब्द ठाऊक नव्हता. पण डोंगरावरचे काही तरी खाली आणल्याशिवाय खाचर पिकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आज राब कमी झाला आहे आणि पेंढाही अनेकदा शेताबाहेर विकला जातो. पिकाबरोबर बाहेर गेलेल्या सिलिकेची भरपाई कशाने करायची, हा प्रश्न मात्र कायम आहे. तूस आणि पेंढा पुन्हा खाचरात परतवणे हे त्याचे हाताशी असलेले उत्तर आहे.

(धागा समाप्त)